आठ टोपडी

दोन जावांचं ते भांडण तिनं न्हाणीघराच्या बंद दाराबाहेर उभं राहून ऐकलं, तेव्हा तिच्या दोन्ही हातांत ऊन पाण्याच्या बादल्या होत्या. लग्न होऊन वर्ष झालेलं, आणि बाळांना न्हाऊ घालायच्या कामाला लागून जेमतेम महिना.

आत थोरली म्हणत होती, "रोज धुवायचं डोकं. घामट वास येतो पोराला. पाहुण्यांसमोर धरवत नाही."

धाकटी, म्हणजे बाळाची आई, म्हणत होती, "तुम्हाला धरायला कोण सांगतं? रोज धुवून धुवून आहेत तेवढेही केस जातील. पंधरा दिवसांतून एकदा पुरे."

"पंधरा दिवस? उवांना आमंत्रण धाड मग."

"आमच्यात नाही होत उवा. तुमच्या माहेरी होत असतील."

इथवर आल्यावर भांडण केसांचं राहिलं नाही. माहेर निघालं, लग्नातलं वागणं निघालं, कुणाची तरी न परत केलेली पांढरी शाल निघाली. मग एकदम दार उघडलं आणि थोरली म्हणाली, "हिलाच विचारू. हिचं कामच आहे ते. काय गं, किती वेळा धुवावं?"

ती साधी बाई. विचारलं म्हणून सांगितलं. "आठवड्यातून दोनदा धुतलं तर बास होतं. बाकीचे दिवस ओल्या फडक्यानं पुसायचं."

झालं. दोघींचं तोंड एकाच दिशेला फिरलं. थोरलीला ती आळशी वाटली, धाकटीला आगाऊ. इतका वेळ एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या त्या जावांनी एकजुटीनं तिला घराबाहेर काढलं. बादल्यांतलं पाणी अजून वाफाळत होतं.

त्या दिवशी तिनं कानाला खडा लावला. घरात कुणी काही विचारलं की मत द्यायचं नाही. "पाणी कोमट आहे ना, मग झालं," एवढंच बोलायचं. साबण कुठला चांगला? पाणी कोमट आहे ना. बाळ कुणासारखं दिसतं? पाणी कोमट आहे ना. पुढं पुढं आख्खी गल्ली तिला कोमटमावशी म्हणायला लागली. तिलाही ते नाव बरं वाटे. कोमट बाईला कुणी काढत नाही.

पण तोंडाला कुलूप लावलं तरी डोळे मात्र तिनं सताड उघडे ठेवले. ज्याच्या हातात पाणी, त्याच्याच माथी खापर, हे तिला एकदा कळलं होतं. म्हणून ती कुठल्याही घरात शिरली की आधी बघायची, साबण कालच्यापेक्षा झिजलाय का, टॉवेल ओला आहे का, न्हाणीची फरशी कुणी आधीच भिजवली आहे का. नवरा हसायचा. "बाळाला न्हाऊ घालायला जातेस की चोर धरायला?" ती म्हणायची, "तुम्हाला नाही कळायचं. तुमच्या कारखान्यात यंत्रं असतात. ती एकमेकांवर ढकलत नाहीत."

नवरा गेला, मुलगी लग्न होऊन लांब गेली. गुडघे कुरकुरायला लागले, तरी मावशीचं काम सुटलं नाही. सकाळी नऊला तिसऱ्या मजल्यावरचं घर, मग त्याच गल्लीत आणखी दोन. घरभाड्याची आणि दोन वेळच्या जेवणाची सोय ह्या तीन घरांवर होती. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे नाव. गल्लीतल्या बायका सांगायच्या, मावशीच्या हाताखालून गेलेल्या बाळाला कधी खरचटलंसुद्धा नाही. त्या नावावरच पुढचं घर मिळायचं.

आणि ते नावच एका वर्षी पणाला लागलं.

तिसऱ्या मजल्यावरच्या घरात माणसं मोजून तीन, बाळ चौथं. बाळाची आई शाळेत शिक्षिका, तेव्हा रजेवर. बाळाचा बाप बेकरीत कामाला. पहाटे अंधारात जायचा, अकराला घरी यायचा, आणि येताना भुवयांवर सुद्धा पीठ असायचं. तिसरी बाळाची आजी, बेकरीवाल्याची आई. आयुष्यभर शिवणकाम केलेली बाई, अजूनही खिडकीशी मशीन लावून बसायची. बाळासाठी तिनं टोपड्यांचा ढीग शिवून ठेवला होता, प्रत्येकाच्या कडेला वेगळ्या रंगाचा दोरा.

बाळ तीन महिन्यांचं. गुटगुटीत, हसरं, डोक्यावर काळंभोर जावळ. पण गेले काही दिवस डोकं लाल दिसत होतं. कोरडं पडून पापुद्रे सुटत होते. बाळ रात्रभर डोकं उशीवर घासतं, म्हणून आई सांगायची, आणि सांगताना मावशीच्या हातांकडे बघायची.

डॉक्टरांनी चिठ्ठी दिली होती. शिक्षिकेनं ती फ्रिजच्या दारावर लावली होती. वर मलमाचं नाव, खाली मोठ्या अक्षरात, 'केस आठवड्यातून दोनदाच धुणे. सौम्य शाम्पू.' मावशीला वाचता फारसं येत नव्हतं, पण शिक्षिकेनं ते तीनदा वाचून दाखवलं होतं. मावशी मनात म्हणाली, हे मी चाळीस वर्षांपूर्वी बादल्या हातात धरून सांगितलं होतं, तेव्हा मला हाकललं. तोंडानं म्हणाली, "बुधवारी आणि शनिवारी धुते की मी. पाणी कोमट आहे ना, मग झालं."

बुधवार आणि शनिवार. एक दिवस जास्त नाही, एक दिवस कमी नाही. मग डोकं कोरडं का पडावं?

मावशीच्या मनात शंकेची पाल चुकचुकली ती एका बुधवारी सकाळी. बाळाला मांडीवर घेतलं, टोपडं काढलं, टाळूशी नाक नेलं. शनिवारी धुतलेल्या डोक्याला चार दिवसांनी दुधाचा, झोपेचा, थोडा आंबूस असा वास यायला हवा. ह्या डोक्याला काहीच वास नव्हता. केस बोटांत धरले तर करकर वाजले.

कुठंतरी पाणी मुरत होतं.

तिनं नजर फिरवली. खिडकीशी आजीबाईंचं मशीन खडखडत होतं. मावशीनं शाम्पूच्या बाटलीचं झाकण उघडलं, टक्‌ असा आवाज झाला, आणि मशीन थांबलं. झाकण लावलं, मशीन सुरू. पुन्हा उघडलं, पुन्हा थांबलं. म्हणजे म्हातारी कान लावून बसली होती. का बरं?

मग बाटली उजेडात धरली तर तिच्या लेबलावर एक बारीक लाल रेघ. शिक्षिकेच्या पेनाची. शाम्पू कुठवर आहे त्याची खूण करून ठेवलेली. आताचा शाम्पू रेघेच्या खाली दोन बोटं होता.

मावशीच्या तोंडचं पाणी पळालं. आठवड्यातून दोनदा चमचाभर घेतला तर दोन बोटं कशी उतरतील? आणि उतरली तर ती कुणी नेली, असं त्या घराला वाटत असेल? तिन्ही घरं करणाऱ्या बाईनं दुसऱ्या घरी नेली, असंच ना?

तिनं काम उरकलं. बाळाचं डोकं धुतलं, टोपडं बदललं, धुतलेलं टोपडं गॅलरीतल्या दोरीवर टाकलं. हा तिचा नेम होता. डोकं धुतलं की टोपडं बदलायचं आणि जुनं तिथंच धुवून वाळत घालायचं. घरच्यांनाही तिनं तीच सवय लावली होती.

निघताना शिक्षिका दारापर्यंत आली. "मावशी, शाम्पू जरा बेतानं वापराल ना?"

"बेतानंच वापरते, ताई."

"नाही, म्हटलं आपलं."

"म्हटलंत ते कळलं," मावशी म्हणाली, आणि जिना उतरताना तिला एकेक पायरी मोजावी लागली.

त्या दिवसापासून ती गल्लीतून जाता-येता मान वर करून बघायला लागली. तिसऱ्या मजल्याची गॅलरी रस्त्यावरून स्पष्ट दिसायची. सकाळी नऊला ती वर असायची, दुपारी दुसऱ्या घरातून निघताना खालून जायची, संध्याकाळी भाजी आणायला पुन्हा तोच रस्ता. दोरीवर टोपडं दिसलं की ते ओलं आहे की वाळलेलं, हे तिला खालून कळायचं. ओलं टोपडं जड होऊन लोंबतं, वाळलेलं वाऱ्यावर उडतं.

पुढच्या सोमवारी दुपारी एक लोंबत होतं. पिवळ्या दोऱ्याचं.

मंगळवारी दुपारी, हिरव्या दोऱ्याचं. बुधवारी सकाळी तिनं स्वतः लाल दोऱ्याचं घातलं होतं, ते संध्याकाळपर्यंत वाळलं, आणि त्याच्या शेजारी निळ्या दोऱ्याचं, टपटप पाणी गाळत.

खालच्या किराणावाल्यानं विचारलं, "काय मावशी, विमान बघताय का?"

"हो," ती म्हणाली, "फार खालून उडतंय."

गुरुवारी ती न्हाऊ घालून निघाली, दुसऱ्या घरी पोचली, आणि चष्मा विसरल्याचं लक्षात आलं. तिथलं काम आटपून साडेअकराला पुन्हा तिसरा मजला चढली. दार नुसतं लोटलेलं. मशीन बंद, आजीबाई आणि सूनबाई दोघी बाळाच्या लसीची तारीख विचारायला दवाखान्यात गेलेल्या. न्हाणीतून पाण्याचा आवाज.

मावशी दबकत गेली आणि बघते तर काय, बेकरीवाला बाह्या वर करून वाकलेला, डाव्या हातावर बाळ, उजव्या हातात फेस. आणि बाळाशी गुजगोष्टी चाललेल्या. "हलू नकोस हां माझ्या राजा, दोघी यायच्या आत आटपू आपण."

"दादा!"

तो इतका दचकला की बाळही दचकलं. "मावशी! अहो, तुम्ही! कुणाला सांगू नका हां."

"बाळाचं डोकं आज कशाला धुताय?"

"पीठ हो." त्यानं खांद्याकडे बोट केलं. "घरी आलो की पहिलं ह्याला उचलतो. राहवत नाही. मग माझ्या केसांतलं पीठ ह्याच्या केसांत. ते डोक्यावरचं कोरडं दिसतंय ना, मला वाटतं माझ्या पिठानंच होतंय. म्हणून धुतो."

"रोज?"

"छे! डॉक्टरांनी दोनदाच सांगितलंय. सोमवारी आणि गुरुवारी, बस्स. मी नियम मोडत नाही."

मावशी त्याच्याकडे बघत राहिली. चांगला बापडा माणूस. डोळ्यांत खोटेपणाचा लवलेश नाही.

"आईला सांगू नका," तो म्हणाला. "आणि हिला तर मुळीच नको. दोघी मिळून मला भट्टीत घालतील."

"नाही सांगत," ती म्हणाली. चष्मा उचलला आणि खाली आली. दोन टोपड्यांचा पत्ता लागला होता. पण हिरव्याचा आणि निळ्याचा लागला नव्हता, आणि आठवडा अजून संपला नव्हता.

शुक्रवारी दुपारी पुन्हा एक. शनिवारी तिचं स्वतःचं. रविवारी संध्याकाळी आणखी एक. मावशीनं बोटांवर मोजलं. आठ. सात दिवसांत आठ. तिचे दोन, बेकरीवाल्याचे दोन, उरले चार.

हे चारही आजीबाईंचेच, ह्याबद्दल तिच्या मनात तीळमात्र शंका नव्हती. झाकणाच्या आवाजावर मशीन थांबवणारी बाई! शिक्षिका तर चिठ्ठी फ्रिजला लावणारी, लाल रेघा मारणारी. ती कशी नियम मोडेल?

सोमवारी सकाळी मावशी वर गेली तर न्हाणीत पाणी काढलेलं नव्हतं. स्वयंपाकघरात टेबलाशी शिक्षिका आणि आजीबाई बसलेल्या. बेकरीवालाही होता; भट्टीच्या दुरुस्तीसाठी बेकरी दोन दिवस बंद होती. बाळ त्याच्या मांडीवर. टेबलाच्या मधोमध शाम्पूची बाटली, लाल रेघेच्या खाली आता चार बोटं.

शिक्षिकेनं घसा साफ केला. "मावशी, बसा. राग मानू नका. आम्ही विचार करतोय, उद्यापासून... पलीकडच्या इमारतीत एक बाई येतात, त्यांना विचारलंय मी."

आजीबाई बाटलीकडे बघत म्हणाल्या, "पोराच्या डोक्याचं काय झालंय ते दिसतंयच. नीट धूतच नसशील तू. आणि वर हा शाम्पू जातो कुठं, ते देव जाणे."

मावशी बसली नाही. तिला दिसलं ते असं की हे घर गेलं तर दुपारपर्यंत बातमी खाली किराणावाल्याकडे, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या दोन घरांत. डोकं खराब करणारी आणि बाटली पळवणारी. ह्या वयात दुसरं नाव कुठून आणायचं?

"पाणी कोमट आहे ना," हे शब्द जिभेवर आले होते. तिनं ते गिळले.

"ताई," ती म्हणाली, "गेल्या आठवड्यात ह्या पोराचं डोकं आठ वेळा धुतलं गेलं."

"आठ?" शिक्षिका उभीच राहिली. "बघा! स्वतःच कबूल करताय."

"त्यातले दोन माझे. बुधवार, शनिवार. दोरीवरची टोपडी मोजलीत मी, रस्त्यावरून. ओली टोपडी. हिरवं, निळं, पिवळं, सगळी सांगते वारासकट. बाकीचे सहा ह्या घरातले."

 मावशी आजीबाईंकडे रोखून बघत होती. आजीबाईंनी पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"माझे आहेत," त्या म्हणाल्या. "पण दोनच! मंगळवारी नि शुक्रवारी, ही दुपारची झोपते तेव्हा. मी ऐकते ना इथं बसून. झाकण उघडल्याचा आवाज येतो आणि लगेच पाणी ओतल्याचा. चोळायला वेळच दिसत नाही तुझा. म्हटलं, ही नुसतं भिजवते. धुवायचं कुणी? दोनदा सांगितलंय डॉक्टरनं, मी दोनदाच धुतलं."

"दोनच?" मावशी चपापली. तिच्या हिशेबात चार होते.

"सांगते तर काय. खोटं बोलू ह्या वयात?"

मावशीचा अंदाज पार चुकला होता, आणि चुकलेल्या अंदाजावर ती आता उभी होती. दोन, दोन, आणि बेकरीवाल्याचे दोन, ते सांगायचे नाहीत असं वचन दिलेलं. मग राहिलेलं निळं आणि रविवारचं कुणाचं?

शिक्षिका हळूच खाली बसली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "बुधवारी संध्याकाळी," ती टेबलाला म्हणाली. "आणि रविवारी. आई फिरायला जातात तेव्हा."

"तू?" आजीबाईंचं तोंड उघडंच राहिलं. "चिठ्ठी तूच लावलीस ना ती?"

"दोनदाच लिहिलंय, मी दोनदाच धुतलं! मावशी धुते म्हणाल्या, पण मला वाटलं तुम्ही त्यांना डोक्याला हात लावू नका म्हणून सांगितलं असेल. पहिल्या महिन्यात तुम्ही नाही का म्हणालात, टाळूवर पाणी घालू नका म्हणून?"

"ते पहिल्या महिन्यात!"

"मला काय माहीत तुमचं मत कधी बदललं?"

"आणि दोरीवरची टोपडी दिसत नव्हती तुला?"

"मला वाटायचं, दूध ओकला असेल. तुम्हाला काय वाटायचं?"

"मलाही तेच."

मग शिक्षिका थांबली. शिक्षिकाच ती, बेरीज तिच्या डोळ्यांपुढून गेली. "दोन मावशींचे, दोन आईंचे, दोन माझे. सहा झाले." तिनं मावशीकडे बघितलं आणि आवाज पुन्हा कडक झाला. "आठ म्हणालात तुम्ही. उरलेले दोन कुणाचे?"

आता सासू-सून दोघी मावशीकडे बघत होत्या. मावशी कुणाकडेच बघत नव्हती. शब्द दिला होता. एकदा मान वळवली असती तरी सगळं उघड झालं असतं, म्हणून ती गॅसच्या शेगडीकडे नजर लावून उभी राहिली. नळ टपकत होता. बाळानं बापाचं बोट धरून तोंडात घातलं. मावशीला वाटलं, आता हा गप्प बसणार. बसला तर काय करायचं? दोन टोपड्यांपायी चाळीस वर्षं जाणार. माणूस चांगला आहे, पण चांगली माणसंच घरात सगळ्यात घाबरट असतात.

"ते दोन माझे," बेकरीवाला म्हणाला.

"काय?" दोघी एकदम.

"सोमवार आणि गुरुवार. पिठामुळं." त्यानं बाळ छातीशी घट्ट धरलं. "मावशींना माहीत होतं. मीच त्यांना सांगू नका म्हटलं होतं. त्यांनी नाही सांगितलं."

"अरे, तू?" आजीबाई म्हणाल्या. "तुझं स्वतःचं डोकं लहानपणी मी धरून बांधून धुवायचे! आणि तू चोरून पोराचं धुतोस?"

"आणि मला वाटायचं, तुम्हाला लंगोटसुद्धा बांधता येत नाही," शिक्षिका म्हणाली. "कधी शिकलात?"

"गप्प बसून तुम्हा दोघींना बघत होतो ना, त्यातनंच," तो म्हणाला.

त्यावर आजीबाईंना हसू फुटलं, आणि हसता हसता त्या सुनेवर पुन्हा चिडल्या, सून नवऱ्यावर चिडली, आणि काही वेळ ते तिघं एकमेकांना अशी बोलणी देत होते की मावशी तिथं आहे ह्याचं भान कुणाला राहिलं नाही. पहिल्यांदाच एका घरातल्या भांडणात तिच्याकडे पाठ होती. तिला ते फार बरं वाटलं. तिनं न्हाणीत जाऊन पाणी काढलं, बाळाला बापाच्या हातातून उचललं, आणि दारातून म्हणाली, "आता पंधरा दिवस ह्या डोक्याला कुणीही साबण लावायचा नाही. मीही नाही. ओलं फडकं, बास. डॉक्टरांना विचारून घ्या हवं तर."

शिक्षिकेनं दवाखान्यात विचारलं. डॉक्टर आधी हसले आणि मग म्हणाले, "हो, तसंच करा." तीन आठवड्यांत डोकं साफ झालं. पलीकडच्या इमारतीतली बाई एकदाही आली नाही. शिक्षिकेनं कधी माफी मागितली नाही, पण नवीन बाटली आणली तेव्हा ती मावशीच्या हातात दिली आणि म्हणाली, "ही तुमच्याकडे." मावशीनं बाटली फिरवून चारी बाजूंनी नीट बघितली. रेघ नव्हती. तरी दुसऱ्या दिवशी तिनं पुन्हा एकदा बघितलं.

पुढं तिनं आणखी बरीच वर्षं काम केलं. पण सवय थोडी बदलली. नव्या घरात गेली की ती आता पहिल्या दिवशीच सगळ्यांना एकत्र बसवायची आणि कोण काय करणार ते विचारायची. काही घरांना ते आवडायचं नाही. एका सुनेच्या आईनं तर तोंडावर म्हटलं, "ही बाई न्हाऊ घालायला आली की साक्षी घ्यायला?" मावशी म्हणाली, "दोन्ही," आणि ते घर तिनं स्वतः सोडलं.

शेवटी शेवटी तिच्यानं रोज जाणं होईना. ती फक्त पहिल्या दिवशी जाऊन सांगून यायची. शेवटचं काम तिनं केलं ते चाव्या बनवणाऱ्याच्या घरी. त्याच्या मुलीला मुलगी झाली होती. मावशी दुसरा मजला चढली, दोनदा थांबली, वर जाऊन साबणानं हात धुतले, बाळाला मांडीवर घेतलं आणि विचारलं, "घरात माणसं किती?"

"चार," चावीवाला म्हणाला.

"सगळ्यांना बोलवा."

मुलगी आली, जावई आला, चावीवाल्याची बायको हात पुसत आली. मावशीनं प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघितलं. "डोकं कोण धुणार? एकच माणूस सांगा. बाकीच्यांनी हात लावायचा नाही."

"मी," मुलगी म्हणाली.

"कोणत्या दिवशी?"

"मंगळवारी आणि शनिवारी."

"ह्या तिघांना ऐकू आलं का?"

तिघांनी माना डोलावल्या. मावशीला पटलं नाही. तिनं जावयाला हात पुढं करायला लावले, बघितले, पुन्हा वळवून बघितले.

"मी नाही हो धुणार, मावशी," तो म्हणाला. "मला भीती वाटते."

"तसंच सगळे म्हणतात," मावशी म्हणाली, आणि बाळाला आईच्या हातात देऊन, टॉवेल घडी करून खुर्चीच्या पाठीवर टाकून, ती जिन्याचा कठडा धरून खाली उतरायला लागली.